चार शार्ड केले, मग वेग चौपट का झाला नाही?

आधी प्रश्न थोडक्यात. मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांनी प्रकल्पासाठी स्वतःची छोटी ब्लॉकचेन लिहिली. १६ नोड, म्हणजे साखळी चालवणाऱ्या १६ मशीन, आणि व्यवहार एकाच प्रकारचा: एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवणं. एका साखळीवर सेकंदाला ४०० व्यवहार बसत होते. मग त्यांनी ४-४ नोडांचे ४ शार्ड केले, म्हणजे खाती आणि काम चार गटांत वाटून टाकलं. कुठलं खातं कुठल्या शार्डात, हे पत्त्याच्या हॅशवरून, म्हणजे पत्त्यावरून गणिताने निघणाऱ्या आणि दिसायला यादृच्छिक आकड्यावरून, ठरतं. अपेक्षा १६०० ची होती, गाडी ९०० च्या पुढे सरकेना. कोड कुठे चुकला, असं ते विचारतात. वर तोंडी परीक्षेत परीक्षकांनी इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनचा दाखला देऊन सुनावलं, ‘इथेरियमनेच शार्डिंग सोडून दिलं, तुम्ही कशाला धरून बसलाय?’ त्यावर काय उत्तर द्यावं, हेही त्यांना हवं आहे.

कोडमध्ये चूक शोधत बसू नका. ९०० हाच बरोबर आकडा आहे. १६०० आले असते तर मी म्हटलं असतं, चूक शोधा.

कागदावर मांडून बघा. हॅशवरून वाटप केलं की कोणतंही खातं चारपैकी कुठल्याही शार्डात पडण्याची शक्यता सारखीच. पाठवणाऱ्याचं खातं एका शार्डात असेल, तर घेणाऱ्याचं त्याच शार्डात निघण्याची शक्यता ४ मध्ये १. म्हणजे दर ४ व्यवहारांतले ३ दोन शार्डांना शिवतात. असा व्यवहार एकीकडे खात्यातून वजा होतो, दुसरीकडे जमा होतो. दोन्हीकडच्या नोडांना तो तपासावा लागतो, लिहावा लागतो. एका शार्डातल्या व्यवहाराचं काम १ धरलं, तर याचं २. सरासरी काम झालं १.७५. चार शार्डांची ताकद ४, तिला १.७५ ने भागा: २.२९. ४०० ला त्याने गुणा: ९१४. तुमच्या रचनेचं छप्पर ९१४ वर आहे आणि तुम्ही त्याला डोकं टेकवलंय. विद्यार्थ्यांच्या कोडसाठी हे फारच चांगलं आहे.

शार्ड वाढवले तर? १० शार्डांवर दर १० व्यवहारांतले ९ दोन शार्डांना शिवणार, आणि वेग वाढणार सव्वापाचपट. ६४ शार्डांवर ३२ पट. वाढ होते, पण निम्मी ताकद कायम सांध्यांवर खर्च होते. आणि हा हिशोब फक्त दोन खात्यांच्या व्यवहाराचा. एका टोकनच्या बदल्यात दुसरं घेण्याचा साधा व्यवहार चार-पाच ठिकाणी लिहितो. तिथे निम्मं सोडाच, पाचवा हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ.

दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं की हे गणित न मांडताच कळतं. पश्चिम आणि मध्य रेल्वे वेगळ्या, रूळ वेगळे, गाड्या वेगळ्या, एकीचा खोळंबा सहसा दुसरीला लागत नाही. पण माणसं काही रुळांप्रमाणे वाटलेली नाहीत. घर डोंबिवलीला आणि नोकरी अंधेरीला असलेला माणूस दोन्ही गाड्यांत जागा अडवतो, आणि वर पूलही अडवतो.

मग हा उपद्व्याप मुळात का करायचा? कारण साध्या ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक नोड सगळं काम करतो. १० नोड असोत की १० हजार, प्रत्येक जण प्रत्येक व्यवहार तपासतो. नोड वाढवल्याने साखळी भक्कम होते, वेगवान होत नाही. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो आणि सेकंदाला सात-एक व्यवहार बसतात. इथेरियमचा ब्लॉक १२ सेकंदांनी येतो. तिथे वर्षानुवर्षं आकडा पंधरा-वीसच्या घरात राहिला. बीकेसीत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयच्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सरासरी साडेसात हजारांच्या आसपास. ही तुलना न्याय्य नाही, आणि का नाही ते पुढे येईलच, पण लोकांच्या मनात मोजपट्टी तीच असते.

ब्लॉक मोठे करणं हा दुसरा रस्ता. बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची करायची. पण मग प्रत्येक स्टेशनचा फलाट लांबवावा लागतो. ज्या नोडाची मशीन लहान, तो बाहेर पडतो, आणि शेवटी साखळी मोठ्या मशीन परवडणाऱ्या थोड्यांच्या हातात जाते. सोलाना ही ब्लॉकचेन मुद्दाम या रस्त्याने गेली. शार्डिंग नाही, दमदार मशीन, भरपूर वेग. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आख्खं नेटवर्क सुमारे १७ तास बंद. तो रस्ता चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्याची किंमत वेगळ्या खिडकीवर भरावी लागते, एवढंच.

आता मूळ गोम. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी अंधेरीत एका शेअर दलालीच्या कंपनीत डेटाबेस सांभाळत होतो. ग्राहकांची खाती आठ मशीनवर वाटलेली होती, ग्राहक क्रमांकाच्या पहिल्या अंकांवरून. हे क्रमांक शाखेनुसार दिलेले आहेत, हे वाटप करणाऱ्याच्या लक्षातच आलं नव्हतं. प्रचंड उलाढालीच्या दोन शाखा एकाच मशीनवर येऊन बसल्या. सकाळी ९:१५ ला बाजार उघडला की सात मशीन गार आणि आठवी तापलेली. फोन मला. शेवटी एका शनिवार-रविवारी आम्ही सगळी खाती हॅशवरून नव्याने वाटली आणि सोमवारी प्रथमच सुखाने चहा प्यायलो.

(जाता जाता: हा तापलेल्या शार्डाचा रोग ब्लॉकचेनलाही आहे, आणि तिथे तो हॅशने बरा होत नाही. २०१७ च्या डिसेंबरात क्रिप्टोकिटीज नावाच्या मांजरांच्या खेळाने इथेरियम तुंबवलं होतं. तेव्हा ६४ शार्ड असते तरी तो तुंबलाच असता, कारण सगळी गर्दी मोजक्याच कॉन्ट्रॅक्टांवर, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांवर, होती आणि एक कॉन्ट्रॅक्ट एकाच शार्डात राहतं. ६३ शार्ड गंमत बघत बसले असते.)

पण त्या कंपनीत एका गोष्टीने माझी झोप कधीच उडाली नाही: मशीन खोटं बोलेल या भीतीने. मशीन बंद पडायची, डिस्क जायची, वायर उंदीर कुरतडायचे. पण अमुक ग्राहकाच्या खात्यात दहा कोटी आहेत, असं एखाद्या मशीनने स्वतःच्या मनाने ठोकून दिलं नाही. सगळ्या मशीन आमच्या, खोलीला कुलूप आमचं. यूपीआयसारख्या व्यवस्थेतही प्रत्येक भाग कुणाचा ते माहीत असतं, करार असतात, वर रिझर्व्ह बँक असते. म्हणूनच ती तुलना न्याय्य नव्हती. खुल्या ब्लॉकचेनमध्ये शार्ड ज्यांच्या हाती सोपवायचा ती माणसं अनोळखी, आणि त्यांतली काही चोर आहेत हे आधीच धरून चालायचं.

या नजरेने तुमच्या १६ नोडांकडे बघा. तुमची सहमतीची पद्धत बीएफटी घराण्यातली आहे, म्हणजे एक-तृतीयांशाहून कमी नोड बिघडलेले असतील तोवर ती टिकते. १६ जण एकत्र असताना ५ बिघडले तरी चालत होतं, मोडायला ६ लागत होते. चौघांच्या शार्डात एकच बिघाड सोसतो, मोडायला २ पुरतात. सहावरून दोनवर! दोनच नोड बिघडले, तर ते एकाच शार्डात असण्याची शक्यता किती? पहिला कुठेही असो, उरलेल्या १५ जागांपैकी ३ त्याच्या शार्डातल्या: ५ मध्ये १. आणि ते दोघे एकाच माणसाचे असतील आणि शार्ड निवडायची मुभा त्याला असेल, तर शक्यता-बिक्यता काही नाही, तो सरळ शेजारी-शेजारी बसणार. वेग सव्वादोनपट, मोडायला लागणारी ताकद एक-तृतीयांश. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यावर उपाय म्हणून तीन गोष्टी हळूहळू रुजल्या. कुणी कुठल्या शार्डात बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. शार्ड मोठे ठेवायचे. आणि माणसं अधूनमधून हलवायची.

मोठे म्हणजे किती मोठे, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. समजा १००० व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासून मत देणारे नोड, आहेत, त्यांतले २५० एकाच हल्लेखोराचे. १००-१०० चे १० शार्ड चिठ्ठ्यांनी पाडले. हल्लेखोराचे सरासरी २५ प्रत्येकात येणार, पण चिठ्ठी ती चिठ्ठी. एखाद्या शार्डात ३४ येण्याची शक्यता शेकडा दोनच्या आसपास निघते. शार्ड दहा आहेत, म्हणजे साधारण पाच-सहा वाटपांत एकदा कुठला तरी शार्ड त्याच्या तावडीत. एक-तृतीयांश ओलांडलं की सहमतीची हमी संपते: शार्ड थांबवता तर येतोच, नेटवर्क फाटलेलं असताना दोन गटांना दोन वेगळे निकालही पटवता येतात. आता तेच प्रमाण ठेवून ६००० जणांत ६०० चे शार्ड करा. तीच शक्यता प्रत्येक शार्डामागे दहा लाखांत एकाच्या घरात येते. २०१६ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात एलास्टिको ही रचना मांडली गेली; तिच्यातून पुढे आलेल्या, २०१९ मध्ये सुरू झालेल्या झिलिका या ब्लॉकचेनने शार्डाचा आकार सहाशेच्या आसपास धरला तो यासाठीच.

दहा लाखांत एक म्हणजे सुटलो, असं नाही. चिठ्ठ्या किती वेळा टाकणार, त्यावर ते आहे. १० शार्ड, रोज एकदा वाटप: अडीच-पावणेतीनशे वर्षांत एकदा दगा. दर तासाला वाटप: ११-१२ वर्षांत एकदा. मग वाटप कमी वेळा करावं? तर हल्लेखोराला निवांतपणे एकाच शार्डातली माणसं फितवायला वेळ मिळतो. जास्त वेळा करावं? तर प्रत्येक वेळी नव्या शार्डाची सगळी खातेवही उतरवून घ्यावी लागते. शार्ड जितका भरलेला, बदली तितकी महाग. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला विचारा, सामान बांधण्यातच वर्ष जातं. या कात्रीतून सुटायचा अलीकडचा रस्ता म्हणजे खातेवही बरोबर न्यायचीच नाही. ब्लॉक पाठवणाराच त्या ब्लॉकला लागणाऱ्या नोंदी आणि त्या खऱ्या असल्याचा पुरावा जोडून पाठवतो. तपासणाऱ्याजवळ फक्त आधीच्या स्थितीचा हॅश असला तरी भागतं. निअर या शार्ड केलेल्या ब्लॉकचेनने २०२४ मध्ये हे प्रत्यक्षात आणलं, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत शार्डिंगमध्ये झालेली ही सर्वांत उपयोगी सुधारणा आहे.

चिठ्ठीबद्दल एक सावधगिरी. चिठ्ठी कोण टाकतो? तुमच्या कोडमध्ये मागच्या ब्लॉकचा हॅश बीज, म्हणजे चिठ्ठी ज्यावरून निघते तो सुरुवातीचा आकडा, म्हणून वापरलाय. ब्लॉक बनवणारा हवा तो हॅश येईपर्यंत ब्लॉकमधला क्रम बदलत बसू शकतो. इथेरियममध्ये रॅन्डाओ पद्धतीने अनेकांनी दिलेले तुकडे मिसळतात. तिथेही शेवटच्या माणसाला आपला तुकडा द्यायचा की गप्प बसायचं, एवढी निवड उरतेच. प्रकल्पाच्या अहवालात हे एका परिच्छेदात लिहिलंत तरी पुरे.

आता दोन शार्डांमधला सांधा. इथे घोडं पेंड खातं, आणि यासाठी मला माझ्या वडिलांची आठवण येते. ते फोर्टातल्या एका बँकेत क्लिअरिंगच्या टेबलावर होते. एका शाखेच्या वहीत पैसे वजा झालेत, दुसऱ्या शाखेच्या वहीत अजून जमा व्हायचेत. मधल्या वेळात ते पैसे कुठे असतात? ते असतात उचंत खात्यात. वडिलांच्या संध्याकाळा त्या उचंतात जायच्या. सगळ्या शिलका अधिक उचंत मिळून सकाळचाच आकडा यायला हवा. चार आण्यांचा फरक आला तरी कुणी उठत नसे. लहानपणी मला हा कारकुनी हट्ट वाटायचा. आज मी पोटासाठी तेच करतो.

शार्डांमध्येही हेच घडतं. पहिला शार्ड खात्यातून रक्कम वजा करतो आणि एक पावती काढतो. ती पावती त्याच्या ब्लॉकात होती असा मर्कल पुरावा (हॅशांवरून पडताळता येणारा छोटा दाखला) घेऊन ती दुसऱ्या शार्डाकडे जाते, तो रक्कम जमा करतो. पावती काढली पण वटली नाही, तोवर पैसे उचंतात. ऐकायला सोपं आहे, पण याला तीन ठिकाणी भोकं पडतात.

पावती दोनदा वटते. चेकवर जसा शिक्का मारतात तसा वटलेल्या पावतीवर मारावा लागतो, आणि तो शिक्का दुसऱ्या शार्डाच्या खातेवहीत कायमचा राहायला हवा. जागा वाचवायला जुने शिक्के पुसले की जुनी पावती पुन्हा जिवंत होते. दुसरं, पावती पोहोचतच नाही: दुसरा शार्ड तुंबलेला, किंवा पोहोचवण्याचं काम कुणाचं हेच ठरलेलं नाही. पैसे हरवत नाहीत, पण उचंतात कुजत पडतात, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ते हरवलेलेच. तिसरं भोक सर्वांत वाईट. दुसऱ्या शार्डाने रक्कम जमा केली, त्या माणसाने ती खर्चही केली, आणि मग पहिल्या शार्डाची साखळी उलटली, ज्या ब्लॉकात वजावट झाली होती तो ब्लॉकच रद्द. वजावट नाही, जमा मात्र आहे. पैसे हवेतून तयार झाले! म्हणून पहिल्या शार्डाचा ब्लॉक पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याने पावतीला हात लावू नये, आणि पक्का म्हणजे काय हे सांगायला सगळ्या शार्डांवर एक सामाईक साखळी लागते. इथेरियमच्या आजच्या साखळीवर ब्लॉक पक्का व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात. इतका वेळ चहावाल्याला थांबवून बघा.

त्याहून अवघड प्रकरण म्हणजे ‘दोन्ही किंवा एकही नाही’. गणपतीला गावी जायचंय. जातानाचं कोकणकन्येचं तिकीट एका शार्डात, येतानाचं दुसऱ्यात. जातानाचं मिळालं आणि येतानाचं गेलं, तर सुट्टी संपल्यावर कणकवलीला बसून राहणार. डेटाबेसवाले यासाठी आधी दोन्हीकडे कुलूप लावतात, दोन्ही लागली की व्यवहार पुरा करतात, नाहीतर दोन्ही सोडतात. आमच्या दलालीच्या कंपनीत हे चालायचं, कारण कुलूप लावून कुणी पसार होत नसे. खुल्या नेटवर्कात एखादा भामटा शंभर तिकिटांना कुलूप लावतो आणि गायब होतो. मुदत संपेपर्यंत कुणालाच तिकीट नाही. मुदत लहान ठेवली तर खरे व्यवहारही अर्ध्यात तुटतात. कुलपाचे पैसे आकारणं हा एक उपाय. तिकिटाचा हक्क तात्पुरता एका शार्डातून उचलून दुसऱ्यात आणायचा आणि दोन्ही खरेद्या तिथेच उरकायच्या, हा दुसरा, आणि मला जास्त पटणारा. निअरने तिसरा मार्ग धरला: एका कॉन्ट्रॅक्टने दुसऱ्याला केलेली हाक नेहमीच उशिराने पोहोचणार, मग दोघं एकाच शार्डात का असेनात. प्रोग्रॅम लिहिणारा सुरुवातीपासूनच उत्तर नंतर येणार हे धरून लिहितो. नवख्यांना जाच होतो. पण शार्ड वाढले-घटले तरी प्रोग्रॅमचा स्वभाव बदलत नाही, आणि हा फायदा जाचापेक्षा मोठा आहे.

आता परीक्षकांचा मुद्दा.

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. इथेरियमच्या जुन्या आराखड्यात आधी १०२४ आणि मग ६४ शार्ड होते. १ डिसेंबर २०२० ला बीकन चेन सुरू झाली ती याच घराचा पाया म्हणून. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात इथेरियमचा जनक विटालिक ब्युटेरिनने दिशा बदलण्याचं मांडलं: व्यवहार चालवण्याचं काम रोलअपना, म्हणजे वर बांधलेल्या वेगळ्या साखळ्यांना, करू द्या, खालच्या साखळीने फक्त त्यांचा डेटा सगळ्यांना उपलब्ध आहे याची हमी द्यावी. म्हणजे शार्डिंग सोडलं नाही. शार्ड कशाचे करायचे, ते बदललं.

हा बदल माझ्या मते शहाणपणाचा होता, आणि का, ते वर आलेल्या गणितातूनच दिसतं. व्यवहारांचे शार्ड केले की खाती एकमेकांत गुंततात आणि सांधे येतात. डेटाचे तुकडे केले तर एका तुकड्याला दुसऱ्याची गरजच नसते; तो फक्त कुणाकडे तरी असायला हवा. आणि आहे की नाही, हे सगळा न उतरवता तपासता येतं. डेटाला रीड-सोलोमन पद्धतीने दुप्पट फुगवायचं, म्हणजे कुठलाही अर्धा भाग हाती आला तरी पूर्ण परत उभा करता येतो. हल्लेखोराला खरंच काही लपवायचं असेल, तर अर्ध्याहून जास्त लपवावं लागतं. तुम्ही कुठलाही एक तुकडा मागितलात तर तो सापडण्याची शक्यता निम्म्याहून कमी. ३० वेळा मागितलंत आणि प्रत्येक वेळी मिळाला, तर फसवले जाण्याची शक्यता शंभर कोटींत एक. शितावरून भाताची परीक्षा, फक्त इथे भात मुद्दाम असा शिजवलाय की कच्चं शीत लपून राहूच शकत नाही.

१३ मार्च २०२४ च्या डेनकुन सुधारणेत पहिली पायरी आली: ब्लॉब, म्हणजे रोलअपच्या डेटाची तात्पुरती गाठोडी. प्रत्येकी १२८ केबी, ब्लॉकमागे सरासरी ३ चं लक्ष्य आणि जास्तीत जास्त ६, आणि साधारण १८ दिवसांनी पुसून टाकायचे. रोलअपवरचं शुल्क त्यानंतर जोरात उतरलं. त्या वेळी मात्र प्रत्येक नोड प्रत्येक ब्लॉब उतरवत होता, म्हणजे शार्डिंग नावापुरतंच. मे २०२५ च्या पेक्ट्रात लक्ष्य ६ आणि कमाल ९ झाली. डिसेंबर २०२५ च्या फुसाकात पीअरडास आलं: ब्लॉबचा फुगवलेला डेटा १२८ स्तंभांत कापला जातो आणि साधा घरगुती नोड त्यांतले थोडेच सांभाळतो. प्रत्येकाने सगळं सांभाळायचं नाही, हीच शार्डिंगची व्याख्या. परीक्षकांना हे नम्रपणे सांगा, तारखांसकट.

आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारण्याआधी तुम्हीच कबूल करा की सांधा नाहीसा झाला नाही, वर सरकला. आर्बिट्रम या रोलअपवरचे पैसे बेस या दुसऱ्या रोलअपवर न्यायचे तर आता पूल, म्हणजे दोन साखळ्यांमध्ये पैसे हलवणारी व्यवस्था, लागतो. ऑप्टिमिस्टिक रोलअपच्या (व्यवहार खरे धरून हरकतीला मुदत देणाऱ्या) अधिकृत पुलावरून मुख्य साखळीवर परत यायला सात दिवसांची वाट, आणि घाई असेल तर मध्यस्थाला दलाली. पुलांवर काय होतं याचा नमुना हार्मनी. ही साखळी स्वतः शार्ड केलेली होती. जून २०२२ मध्ये तिला सुमारे १० कोटी डॉलरचा फटका बसला, पण तो शार्डांमधल्या सांध्यातून नाही. इथेरियमकडे जाणाऱ्या पुलाच्या पाच किल्ल्या होत्या, दोन पुरत होत्या, आणि त्या दोन चोराच्या हाती लागल्या. आतल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि शार्ड शाबूत.

पुलांच्या विषयावरून आठवलं: पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या चाचणी-साखळीचं नाव अनेक वर्षं ‘मुंबई’ होतं. आमच्या ऑफिसात कुणी ‘मुंबई पुन्हा बंद पडली’ म्हटलं की पावसाळ्यात नेमकं काय म्हणायचंय ते विचारून घ्यावं लागे. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागी अमॉय आली. तुमच्या अहवालातला जोडणीचा पत्ता अजून त्या जुन्या साखळीचाच आहे, तो बदला.

आता अंतिम सादरीकरणाआधी हाताशी आहे त्या वेळात काय करता येईल ते सांगतो.

वेगाचा एकटा आकडा दाखवू नका. १, २ आणि ४ शार्ड, तिन्हींचे आकडे घ्या. तुमच्या रचनेत ते ४००, ५३३ आणि ९१४ च्या जवळ यायला हवेत. त्याच्या शेजारी दुसरी रेघ काढा: १६ पैकी कुठलेही ३ नोड बिघडले तर निदान एक शार्ड मोडण्याची शक्यता. एका साखळीत शून्य. ८-८ च्या दोन शार्डांत ५ मध्ये १. ४-४ च्या चार शार्डांत निम्म्याहून जास्त, ५४ टक्के. या दोन रेघा एका चित्रात आल्या की परीक्षक बराच वेळ त्याकडे बघत राहतील.

मग व्यवहारांचा नमुना बदला. खरे लोक कुणालाही यादृच्छिक पैसे पाठवत नाहीत. तेच दुकान, तोच भाऊ, तीच कँटीन. एकमेकांशी सतत व्यवहार करणारी खाती एका शार्डात बसवलीत आणि १०० मधले ८० व्यवहार शार्डाच्या आत राहिले, तर छप्पर ९१४ वरून १३३३ वर जातं. त्याच वेळी एका खात्याकडे सगळ्यांनी पैसे पाठवण्याचा नमुनाही चालवा आणि तो शार्ड तापताना दाखवा. दोन्ही दाखवले तर काम प्रामाणिक दिसतं, कारण एकाचा उपाय दुसऱ्याचा रोग वाढवतो. सरासरी वेळेऐवजी १०० मधल्या सर्वांत मंद व्यवहाराला किती वेळ लागला ते मोजा. उचंतात अडकलेले तिथेच सापडतात.

आणि वडिलांचा ताळा घाला. दर ब्लॉकनंतर चारही शार्डांच्या शिलका अधिक न वटलेल्या पावत्यांची रक्कम, बेरीज सुरुवातीच्या आकड्याइतकी. चारही शार्डांचा फोटो एकाच सामाईक उंचीवर (ब्लॉक क्रमांकावर) घ्या, नाहीतर नसलेली चूक दिसेल आणि दोन रात्री फुकट जातील. माझ्या गेल्या आहेत. फरक आला तर चाचणी तिथेच थांबवा आणि ब्लॉक क्रमांक, पावती क्रमांक, दोन्ही शार्डांची नावं छापून घ्या. बेरीज वाढलेली असेल तर आधी दोनदा वटलेली पावती शोधा, मग उलटलेला ब्लॉक. कमी भरत असेल, तर पावती लिहिण्याआधी वजावट करून मध्येच बंद पडलेला नोड असतो. तुमच्या पावत्या काढणाऱ्या फंक्शनमध्ये या दोन नोंदी अजून वेगवेगळ्या लिहिल्या जातात, त्या एकत्र लिहा.